भिवाजीचा भोंगा आणि बारा स्क्रू

मला भिवाजीचा रेडिओ आवडत नाही. आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, धोंडी पाघळला. मी लादीवाला. राहायला खोपोलीत, आणि कर्जतपासून खालापूरपर्यंत कुठे घर उभं राहत असलं की तिथे लाद्या बसवायला हजर. लादीचं काम डोळ्यांनी होतं असं लोकांना वाटतं. ते कानाने होतं. लादी बसवली की वरून हातोडीच्या दांड्याने ठोकायचं. आवाज भरीव आला तर खाली माल नीट पसरलाय, पोकळ आला तर लादी उचला आणि परत बसवा. आता शेजारच्या खोलीत एक बाई गळा काढून केसांच्या तेलाची जाहिरात करत असेल तर मी कोणाचं ऐकायचं, लादीचं का तिचं?

ती बाई भिवाजीच्या रेडिओत असते. भिवाजी भोईर, भिसेगावचा, दारं बसवणारा. दारं, खिडक्या, कड्या-कोयंडे, पडद्याच्या दांड्या, भिंतीला स्क्रूने जे जे लागतं ते सगळं त्याचं. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांच्या मागेपुढे काम करतोय. मी लादी टाकल्याशिवाय त्याचं दार खालून किती तासायचं ते ठरत नाही, आणि लादी कुठे वर आली असेल तर ते पहिल्यांदा त्याच्या दाराला कळतं. त्यामुळे आमचं भांडण रोजचं आहे. दोन दिवस भांडलो नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

आता त्या रेडिओचं. सहा वर्षांपूर्वी नेरळच्या बाजूला एका बंगल्याचं काम चालू होतं. मालक परदेशात राहून आलेला, त्याच्याकडे हा डबा होता. पिवळा-काळा, तेलाच्या डब्याएवढा, चारी कोपऱ्यांना रबर, वर धरायला दांडा. आपटला तरी फुटत नाही. मी एकदा आपटून बघितलाय. मालकाने जाताना तो भिवाजीला असाच देऊन टाकला, कारण डब्याच्या मागच्या खाचेत भिवाजीच्या ड्रिलची बॅटरी टक्कन बसली. हा नुसता रेडिओ नाही. वायर बोर्डात लावली की रेडिओ वाजतो आणि मागची बॅटरीही चार्ज होते. वायर काढली किंवा लाईट गेली की हाच रेडिओ त्या बॅटरीवर वाजायला लागतो. म्हणजे लाईट असताना बॅटरीला खायला घालतो आणि लाईट नसताना तिलाच खातो. हे नीट ध्यानात ठेवा, कारण आमचं सगळं रामायण यावरूनच झालं.

भिवाजीकडे बॅटऱ्या दोन. एक ड्रिलमध्ये, एक रेडिओच्या मागे. ड्रिलमधली संपली की अदलाबदल. साइटवर आला की चप्पल काढायच्या आधी तो बोर्ड शोधतो, रेडिओ लावतो आणि मग सगळ्यांना विचारतो, "काय रं, चहा झाला का?" मी त्या डब्याला भोंगा म्हणतो. पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं होतं, "भिवा, तुझी बॅटरी चार्ज कर, पण ते वाजवायचं बंद कर."

"तसं नाय होत," तो म्हणाला. "वाजवला नाय तर चार्जिंगच होत नाय. एकाच मशीनवर दोनी हायेत."

मला विजेतलं काय कळतं? मी मान हलवली आणि सहा वर्षं तेलाच्या जाहिराती ऐकल्या.

माणूस कसा आहे म्हणाल तर पन्नाशी उलटलेला, अंगाने किरकोळ, कानावर पेन्सिल. ती पेन्सिल कानावर आहे हे विसरून रोज एकदा साइटभर शोधतो. रेडिओशी बोलतो. बातम्या देणाऱ्याला मध्येच थांबवून "असं कसं रं?" विचारतो, आणि तो पुढे बोलत गेला की माझ्याकडे बघून म्हणतो, "याला उत्तर नाय." रिकाम्या घरात माणसाचा आवाज आधी गेला पाहिजे, नाहीतर घर परकं राहतं, असं त्याचं म्हणणं. घरमालकिणींना हे फार आवडतं. त्याला दोन वेळा चहा मिळतो, मला एकदा.

सोळाव्या वर्षी तो कर्जतला एका सुताराच्या हाताखाली लागला. तेव्हा ड्रिल कुठलं? गिरमिट होतं. लाकडी मुठीचं, पुढे पीळ दिलेली सळी, ती हाताने फिरवत लाकडात भोक पाडायचं आणि मग हातभर लांब पेचकसाने स्क्रू आवळायचा. दिवसाची दोन दारं बसवली की हातात भाकरीचा तुकडा धरवत नसे. बॅटरीचं ड्रिल घेतलं त्या दिवशी त्याने गिरमिट आणि पेचकस एका पिशवीत घालून माझ्या अंगावर टाकले. म्हणाला, "घे, तुझ्यासारख्या जुन्या माणसाला शोभतील." मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान आहे. पण पिशवी मी ठेवली. पेचकसाने डब्यांची झाकणं उचकटतो आणि गिरमिटाने सिमेंटच्या गोणीला भोक पाडतो. तो बघायचा आणि पोट धरून हसायचा.

आता त्याच्या घरचं सांगतो. त्याची बायको सोनाबाई. जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव तोंडातून काढणार नाही. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की कार्ड पुढे सरकवते. त्यांच्या आळीत नळापाशी आणखी एक भिवाजी राहतात, त्यांनाही ती 'नळाकडचे भावोजी' म्हणते. उगाच जिभेला सवय नको. आम्ही तिला यावरून पुष्कळ चिडवलं. ती चिडत नाही आणि नावही घेत नाही.

आणि ही सोनाबाई धवलारीण आहे. आमच्या आगरी लोकांत लग्न म्हटलं की धवलारीण हवीच. ती मांडवात उभी राहून धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, म्हणते, मागच्या बायका तिच्यामागून म्हणतात. धवल्यात नवरदेवाचं नाव घ्यावं लागतं, नवरीचं घ्यावं लागतं, आईबापांची, गावाची घ्यावी लागतात. ज्या घरचं लग्न त्या घरच्या नावांनी गायचं, अशी रीत आहे. सोनाबाईचा आवाज असा की माईकवाला माईक पुढे करतो आणि ती हाताने बाजूला सारते. कर्जत तालुक्यातली निम्मी पोरं तिचा धवला ऐकतच बोहल्यावर चढली असतील.

तो धवला कधीच न ऐकलेला एकच माणूस, तो म्हणजे तिचा नवरा. लग्नं सगळी चैत्र-वैशाखात. घरंही लोकांना पावसाच्या आत पुरी करून पाहिजेत. तिचा हंगाम तोच याचा हंगाम. हा मांडवात पोचतो तो जेवणाच्या पंगतीला, तोवर ती बसलेल्या घशाने गरम पाणी पीत असते. एकतीस वर्षं असंच चाललंय. घरी म्हणून दाखव म्हटलं तर म्हणते, "घरात काय लगीन हाय?"

"रेडिओवर जगातल्या सगळ्या बाया ऐकल्या मी," तो मला एकदा म्हणाला होता. "आमचीच तेवढी राहिली." हसत म्हणाला, पण मला वाईट वाटलं.

गेल्या माघात रेडिओची दोन माणसं भिसेगावात आली. लग्नातली जुनी गाणी गोळा करत फिरत होती. शेजारच्या छायाच्या ओटीवर सोनाबाई आणि तिच्या तीन जोडीदारणी बसल्या, तासभर गायल्या, माणसं चहा पिऊन गेली. महिन्याभराने निरोप आला की अमुक गुरुवारी सकाळी साडेअकराला लागणार, पंधरा मिनिटं. त्या रात्री जेवताना सोनाबाई नवऱ्याला म्हणाली, "गुरवारी साडेअकराला कुठं बी असा, ऐका."

"छायाला सांग, मोबाइलवर भरून ठेवील," भिवाजी म्हणाला. "संध्याकाळी निवांत ऐकीन."

"गाणं काय लोणचं हाय, बरणीत भरून ठेवायला? एकतीस वर्सांत पंधरा मिन्टं मागितली मी तुमच्याकडं. ऐकायचं तर तवाच ऐका. नायतर राहू द्या."

असं ती कधी बोलत नाही. भिवाजीने मला हे चार दिवसांत चाळीस वेळा सांगितलं. त्याला वाटत होतं, गाणं ऐकायचं तर ऐकीन की, माझ्याजवळ रेडिओ तर चोवीस तास असतो. मलाही तेच वाटत होतं.

गुरुवारी आम्ही भागूबाईच्या घरी होतो. खालापूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, जिथे मोबाइल नुसता घड्याळ म्हणून वापरायचा असतो. भागूबाई साठीची. नवरा गेल्यावर भावाच्या घराच्या पडवीत तेवीस वर्षं राहिली. पडवीला दार नव्हतं, गोणपाट टांगलेलं असायचं. लोकांच्या शेतात राबून तिने मुलगी संजना वाढवली, तिचं लग्न लावलं, आणि आता भावाच्याच बाजूला दोन खोल्यांचं स्वतःचं घर बांधलं होतं. त्या दिवशी वास्तुशांत. कलश घेऊन आत जायचा मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. भागूबाईने आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगितली होती. "बाकी काय बी राहू दे. पण मी आत जाईन तवा दार बसलेलं पायजे. माझं दार माझ्या हातानं उघडीन नि मग जाईन."

आता पुढच्या दाराला उशीर झाला तो पॉलिशमुळे, ते खोपोलीला दिलेलं. खोपोलीहून टेंपो निघाला तोच दहाला. तोवर भिवाजीने मागचं दार बसवलं, न्हाणीचं बसवलं, खिडक्यांच्या कड्या लावल्या. ड्रिल घरघरत होतं. नव्या घराला अजून मीटर नव्हता, भावाच्या घरातून वायर ओढून बोर्ड ठेवला होता, त्यात आल्या आल्या भोंगा लावलेला. तो वाजत होता. मी खाली बसून लाद्यांच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरत होतो. अंगणात भटजींची मांडामांड चालू होती. भागूबाई नव्या लुगड्यात दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे बघून येत होती. सगळं छान चाललं होतं.

पावणेअकराला टेंपो आला. दार उतरवलं, खालून तासलं, चौकटीत उभं करून बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी ड्रिल गुरगुरलं आणि बंद पडलं.

"बॅटरी बदलतो," भिवाजी म्हणाला. रेडिओ बंद केला, मागची बॅटरी काढली. तिच्यावर चार बारके दिवे असतात. भरलेली असली की चारही लागतात. त्याने बटण दाबलं. एकच लागला. त्याने परत दाबलं. एकच.

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "सकाळपासून लावलीय."

मी उठलो आणि बोर्डाचं बटण खालीवर केलं. मग भावाच्या घरात डोकावलो. तिथे भावजय वहीने वारा घेत बसली होती. मी विचारलं, "लाईट कधी गेली?"

"साडेआठलाच की," ती म्हणाली. "खांबावरूनच गेलीय. सगळ्या वाडीत नाय. तुमच्याकडं रेडिओ वाजतोय म्हणून मी यांना म्हणत होते, त्यांच्याकडं कशी हाय?"

म्हणजे झालं काय ते कळलं का? दुसऱ्या कोणाचा साधा रेडिओ असता तर लाईट गेल्या क्षणी गप्प झाला असता आणि आम्हाला कळलं असतं. आमचा भोंगा शहाणा. लाईट गेली तशी त्याने चूपचाप मागच्या बॅटरीत तोंड घातलं आणि अडीच तास गात बसला. उजेड भरपूर, पंखा नाही, लादी कापायचं काम आदल्या दिवशीच संपलेलं. कळणार कसं? आम्ही समजत होतो बॅटरी जेवतेय, आणि रेडिओ तिलाच जेवत होता.

भिवाजी बॅटरी हातात घेऊन उभा राहिला. तो एक दिवा म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ड्रिलला लावली तर जुन्या, टणक ऐनाच्या लाकडाच्या चौकटीत फार तर पाच-सहा भोकं पडली असती. बिजागऱ्या तीन, चौकटीकडचे स्क्रू बारा. रेडिओला लावली तर पंधरा-वीस मिनिटं वाजला असता. इकडे भागूबाईचं दार, तिकडे सोनाबाईची पंधरा मिनिटं, आणि बॅटरी एक.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बॅटरी ड्रिलला लावली आणि म्हणाला, "जेवढे बसतील तेवढे बसवू. मधल्या बिजागरीचे दोन, वरचे दोन, खालचे दोन. दार उभं राहील. बाकीचे उद्या."

"आणि साडेअकराला?"

"काम हाय, धोंडी. दुसऱ्याच्या घरी मुहूर्त हाय."

"ती काय म्हणाली होती ते मला चाळीस वेळा सांगितलंस."

"आता एकेचाळीसावं तू सांगू नको." आवाज चढवून बोलला. भिवाजी कधी आवाज चढवत नाही, ते माझं काम आहे.

मला राग आला. त्याचा आला, भोंग्याचा आला, खांबाचा आला. सहा वर्षं ज्याने माझं डोकं खाल्लं त्या डब्याने आयुष्यात एकदाच उपयोगी पडायचं, तर त्याच दिवशी हे. मी माझी पिशवी आणली आणि त्याच्या पायाशी ओतली. लेव्हलची नळी, कटर, फडकी, आणि तळातून गिरमिट आणि हातभर पेचकस.

"ती बॅटरी काढ ड्रिलमधून," मी म्हटलं, "आणि लाव त्या भोंग्याला."

तो गिरमिटाकडे बघत राहिला. टोकाला सिमेंट लागलं होतं. "बारा स्क्रू? ऐनात? हातानं? तासाभरात?"

"सोळाव्या वर्षी करत होतास ना? का नुसत्या गप्पा?"

भागूबाई मागे कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिने विचारलं, काय झालं. मीच सगळं सांगितलं, भिवाजी नको नको म्हणत असताना. मला वाटलं म्हातारी घाबरेल. ती म्हणाली, "सोनाबाय म्हंजे भिसेगावची? माझ्या संजनाच्या लग्नात तीच तर होती धवलारीण." मग दाराकडे गेली, पदर खोचला आणि एका कडेला हात लावला. "संजना, ये गं, तिकडून धर. मुहूर्ताला तास हाय अजून. लावा तुमचा रेडिओ."

झालं. भिवाजीने बॅटरी काढली. भोंगा खिडकीत ठेवला, खोपोलीकडे तोंड करून, कारण तिकडूनच तिथे जरा नीट लागतो. सुरू मात्र केला नाही. साडेअकरापर्यंत एक थेंब वाया घालवायचा नाही, म्हणाला. दाराखाली पाचर मारली, दोन्ही बाजूंनी मायलेकी. त्याने मुठीत गिरमिट धरलं आणि पीळ फिरवायला सुरुवात केली. पहिल्या दोन फिरक्यांत हात अडखळला, तिसरीपासून सरळ गेला. हात विसरत नाहीत. तो भोक पाडायचा, मी मागून पेचकसाने स्क्रू आवळायचो. स्क्रू अर्ध्यात अडायला लागले.

"साबण हाय का?" भिवाजीने विचारलं. स्क्रूच्या आट्यांना साबण चोळला की तो लाकडात सुळकन जातो, ही सुतारांची जुनी युक्ती. भागूबाईने नव्या न्हाणीसाठी आणलेली चंदनाच्या वासाची वडी संजनाकडून मागवली. अजून कागदही काढला नव्हता. घरात पहिली आंघोळ आमच्या स्क्रूंनी केली.

पाच स्क्रू झाले तेव्हा साडेअकराला दोन मिनिटं कमी होती. भिवाजीने फडक्याला हात पुसले आणि रेडिओ सुरू केला. आधी कोणीतरी खतांविषयी बोलत होतं. मग निवेदिकेने सांगितलं, आता ऐका रायगड जिल्ह्यातली लग्नाची गाणी. आणि सोनाबाईचा आवाज आला.

मी तो आवाज शंभर मांडवांत ऐकलाय. पण तिथे बँडबाजा असतो, पोरं ओरडत असतात. इथे चार भिंती कोऱ्या, सामान नाही, आणि मध्ये तो आवाज. भटजी अंगणातून उठून दारापाशी आले. पहिला धवला हळदीचा होता. भिवाजी थांबला नाही. गिरमिट फिरवत होता, कान खिडकीकडे, आणि चेहरा असा की जणू त्यालाच हळद लागतेय. सहावा झाला, सातवा झाला. मग आम्ही अदलाबदल केली, माझे हात भरून आले होते. गिरमिट मी घेतलं, पेचकस त्याने.

दुसरा धवला लग्न लागायच्या वेळचा. त्यात नवरदेव मांडवात येतो, आणि आता त्याचं नाव घ्यायची जागा आली. मला वाटलं रेडिओसाठी काहीतरी रामा-गोविंदा घेतलं असेल. सोनाबाईने आवाज वर नेला आणि म्हणाली, नवरदेव भिवाजी. गाव भिसेगाव. मागून तिघी जणींनी नाव धरलं, आणि त्यातली एक फसकन हसली. तेही रेडिओवाल्यांनी तसंच ठेवलं होतं. पुढे नवरी सोना. पुढे त्याच्या आईचं नाव, बापाचं नाव, दोघंही वारलेली. ती स्वतःच्या लग्नाचा धवला म्हणत होती. आणि प्रत्येक कडव्याला ते नाव, भिवाजी, भिवाजी, एकतीस वर्षांत जे एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

भागूबाईने दार धरलेलंच ठेवलं, पण तोंडाला पदर लावला. "अगं बाई," ती संजनाला हळूच म्हणाली, "नाव घेतलं तिनं."

भिवाजी आठवा स्क्रू आवळत होता. आवळत होता म्हणजे फिरवत होता. बघतो तर उलटा फिरवतोय. स्क्रू आत जायच्या ऐवजी बाहेर येत होता, एकेक आटा, आणि शेवटी साबणासकट त्याच्या तळहातावर पडला. तरी याचा पेचकस हवेत फिरतोच आहे. तो रडत होता. सरळ सांगतो, रडत होता, आणि हसतही होता. मी त्याच्या हातातून स्क्रू घेतला, परत भोकात ठेवला आणि म्हटलं, "उजवीकडं फिरव, नवरदेवा."

"कळतंय," तो म्हणाला आणि उजवीकडे फिरवला.

धवला संपला, निवेदिकेने आभार मानले, आणि लगेच ती केसांच्या तेलाची बाई सुरू झाली. तिच्या दुसऱ्या वाक्याला बॅटरी संपली. देव कधीकधी आपलंही ऐकतो.

बारावा स्क्रू बसला तेव्हा बारा वाजून चार मिनिटं झाली होती. भिवाजीने दार एकदा लावून बघितलं, एकदा उघडून बघितलं. कुठे घासलं नाही, माझ्या लादीला नाव ठेवायला जागा नव्हती. मुहूर्तावर भागूबाईने कलश कडेवर घेतला, दुसऱ्या हाताने दार ढकललं आणि आत गेली. आम्ही मागून जाणार तोच तिने आतून दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. भटजी, भाऊ, मुलगी, आम्ही, सगळे बाहेर. भटजी म्हणाले, "अहो आजी, पूजा?" मिनिटभराने कडी निघाली. भागूबाई दारात उभी. "बसली कडी नीट," म्हणाली. "या आता."

संध्याकाळी मी भिवाजीबरोबर भिसेगावला गेलो. मला खोपोलीला जायचं होतं, भिसेगाव उलट दिशेला, पण पुढचं बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती. सोनाबाई ओट्यावर बसून वाल सोलत होती. आम्ही गेलो तशी मान वर केली नाही. हा फोड आलेल्या तळव्यांनी तांब्या धरून पाणी प्यायला. मी एकदा हिच्याकडे बघतो, एकदा त्याच्याकडे. मला भांडण कसं करायचं ते कळतं, हे असलं कळत नाही.

शेवटी सोनाबाईच म्हणाली, वालाकडे बघत, "लागला का रेडिओ?"

"लागला," भिवाजी म्हणाला. "चांगलं म्हटलंस. पण मधी कोणाचंतरी नाव आलं, ते काय नीट कळलं नाय."

"असंल कोणतरी," ती म्हणाली. "दारं बसवतो म्हनं."

"परत एकदा घे बरं. म्हंजे कळंल."

"रेडिओवाल्यांना बोलवा मग," ती म्हणाली आणि परात उचलून आत गेली. पाठमोरी होती तरी हसतेय हे दिसत होतं.

घरी लाईट होती. भिवाजीने सवयीने भोंग्याची वायर बोर्डात लावली, मागे बॅटरी अडकवली, आणि डबा लगेच सुरू झाला. कोणीतरी बाजारभाव सांगत होतं. तेवढ्यात आतून चुलीपाशी सोनाबाईचा आवाज आला. म्हणत नव्हती, नुसती गुणगुणत होती, सकाळचाच धवला. घरात लग्न नसताना. भिवाजीने हात लांब केला आणि रेडिओ बंद केला.

सहा वर्षांत मी हे पहिल्यांदा बघितलं. आम्ही दोघं ऐकत राहिलो. मग माझी नजर डब्याच्या मागे गेली. रेडिओ बंद होता, आणि बॅटरीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पहिला भरला, दुसरा लुकलुकायला लागला. चार्जिंग मस्त चाललं होतं.

मी भिवाजीकडे बघितलं. तो कानावरची पेन्सिल शोधत होता.